खोकलपट्टीचं बारसं

डेपोत त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो कधी बंदच व्हायचा नाही. बसचा कंडक्टर. आवाज असा खणखणीत की मागच्या सीटवर घोरणारा माणूस दचकून उठायचा आणि आपला स्टॉप गेला की काय म्हणून खिडकीबाहेर बघायचा. आणि नुसतं स्टॉपचं नाव घेईल तर तो रेडिओ कसला! कोर्ट आलं की "चला, पुढची तारीख!" तुरुंग आला की "सासरवाडी आली, जावईबापू पुढे या!" लोक हसायचे. सकाळी सकाळी, पोटात अन्नाचा कण नसताना, कामावर निघालेली माणसं हसायची. त्या हसण्यावर गडी जगायचा.

ही सगळी नावं बोलता बोलता हवेत विरली. एक तेवढं उरलं आणि ते सगळ्यांना पुरून उरलं.

त्याच्या गाडीचा शेवटचा टप्पा पुलापलीकडे होता. अर्धा खाऊन टाकलेल्या भाकरीसारखा एक डोंगर, त्याच्या पायथ्याला खडी फोडायची बारा मशिनं आणि मशिनांच्या आजूबाजूला सात वाड्या. तिथे सगळं पांढरं. झाडं पांढरी, पत्रे पांढरे, कुत्री पांढरी, माणसांच्या भुवया पांढऱ्या. रात्रपाळी संपवून माणसं पहिल्या गाडीत चढायची आणि खोकायला लागायची. एकाने सूर लावला की दुसरा उचलायचा, मग तिसरा, मग अख्खी गाडी. ड्रायव्हर म्हणायचा, हॉर्नची गरजच नाही, आपण येतोय हे लोकांना लांबूनच कळतं.

रेडिओने हा रूट मागून घेतला होता. त्याची अक्का तिथे दिलेली होती ना! अक्का त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ह्याचं नाक पुसण्यापासून नोकरीचा अर्ज लिहून देण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. दाजी खडी मशीनच्या पट्ट्यावर कामाला, आणि अक्का घरी बसून शाळेची दप्तरं शिवायची. दप्तरांचा गठ्ठा घेऊन ती आठवड्यातून दोनदा शहरात यायची आणि भावाच्या गाडीनेच परत जायची.

तर तो दिवस. रेडिओ अठ्ठावीस वर्षांचा होता, नवीन नोकरी, नवीन गणवेश, उतू जाईल एवढा उत्साह. परतीची गाडी, अक्का पुढच्या सीटवर बसलेली, दिवसपाळीची माणसं खचाखच. गाडी पूल उतरली आणि मागे कुणीतरी खोकला, मग नेहमीसारखी लाट उठली. ह्याने दांड्याला धरलं, मान वर केली आणि ओरडला,

"आली खोकलपट्टी! काचा लावा, तोंडं झाका, आणि कुणाचा खोकला गाडीत राहिला असेल तर परत येऊन घेऊन जा!"

अहो, काय हसली ती गाडी! हसता हसता माणसं खोकली, खोकता खोकता हसली. एकाला तर ठसका लागून पाठीत गुद्दे घालायला लागले. आणि सगळ्यात मोठ्याने अक्का हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "मेल्या बारक्या, वाह्यात आहेस अगदी!"

झालं. बारसं झालं.

दुसऱ्या दिवशी लोकांनीच मागणी केली, "कंडक्टर, ते कालचं म्हण ना." मग ड्रायव्हर म्हणायला लागला. मग दुसऱ्या गाड्यांचे कंडक्टर. मग स्टँडवरचा फळवाला, "खोकलपट्टीची गाडी लागली का?" सात वाड्यांची सात नावं होती, वरचे खालच्यांशी बोलायचे नाहीत, खालचे वरच्यांच्या विहिरीवर जायचे नाहीत, पिढ्यान्पिढ्यांची भांडणं. ह्या एका नावाने सगळ्यांना एका पोत्यात भरलं आणि तोंड बांधून टाकलं. दोन-तीन वर्षांत शहरातले घरमालक विचारायला लागले, "कुठले तुम्ही? खोकलपट्टीचे? नाही हो, खोली आत्ताच दिली." कारखान्याच्या गेटवर पोरं उभी राहिली की गेटवाला म्हणायचा, खोकलपट्टीवाले बाजूला व्हा.

रेडिओच्या कानावर हे यायचं, पण मनापर्यंत जायचं नाही. उलट छाती फुगायची. पुढे तिकिटाची मशीन आली, तेव्हा डेपोत स्टॉपची नावं भरणारा माणूस म्हणाला, "ह्या शेवटच्या टप्प्याचं यादीतलं नाव मशीनमध्ये मावत नाही. काय टाकू?" रेडिओ तिथेच उभा होता. म्हणाला, "लोक म्हणतात ते टाक की. खोकलपट्टी." टाकलं. तिकिटावर छापून यायला लागलं! डेपोच्या कँटीनमध्ये टेबलावर थाप मारून तो सांगायचा, "तुम्ही पोराटोरांची नावं ठेवता रे. मी अख्ख्या मुलखाचं ठेवलं!"

दाजी गेले तेव्हा पहिल्यांदा काहीतरी टोचलं. दाजींच्या छातीत धूळ बसली होती. वीस वर्षं पट्ट्यावर काम, दुसरं काय होणार. शेवटी शेवटी चार पावलं चालले की भिंत धरायचे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, ह्याला औषध नाही. ते गेल्यावर अक्का एकटी राहिली. मूलबाळ नव्हतं. रेडिओ म्हणायचा, चल माझ्याकडे, ती म्हणायची, माझी शिलाई मशीन तुझ्या घरात कुठे ठेवणार, तुझ्या डोक्यावर? अशी तीन वर्षं गेली. मग तिला खोकला सुरू झाला.

ह्या वेळी त्याने ऐकलंच नाही. मशीनसकट उचलून आणली. दोन खोल्यांचं घर, त्यात नवरा-बायको आणि आता अक्का. शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसली. बायकोचं आणि अक्काचं लग्नापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. बायको जरा तिखट, अक्का काही कमी नाही.

"अक्का, चहात साखर घालू, की तुमच्या बोलण्यानेच गोड होईल?"

"घाल बाई. तुझ्या हाताला चव असती तर विचारलं नसतं."

पण रात्री खोकल्याची उबळ आली की बायकोच आधी उठायची, हे रेडिओला सकाळी पाण्याचा रिकामा तांब्या बघून कळायचं.

सरकारी दवाखाना घरापासून दोन गल्ल्या सोडून. महिनाभर काढे-बिढे करून झाले, खोकला हलेना, तेव्हा रेडिओ सुट्टी काढून अक्काला घेऊन गेला. केसपेपरच्या खिडकीवर मारुतीच्या शेपटासारखी रांग. खिडकीत एक कारकून, मान खाली, पेन हातात.

"नाव?"

सांगितलं.

"वय?"

"अठ्ठावन्न."

"राहणार?"

मागचा माणूस ढकलत होता, अक्का खांबाला टेकून उभी होती, आणि चोवीस वर्षं जो शब्द दिवसातून चार वेळा तोंडातून गेला होता तो आपोआप गेला. "खोकलपट्टी."

अक्का महिनाभर कुठे राहत होती? त्याच्या घरी. पत्ता कुठला सांगायचा होता? त्याच्या घराचा. हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कारकुनाने मान वर न करता एक गोल शिक्का उचलला आणि केसपेपरच्या कोपऱ्यात ठाप्पकन मारला. जांभळ्या शाईचं वर्तुळ. पेपर परत करत म्हणाला, "नऊ नंबर."

नऊ नंबर म्हणजे जिन्याखालची खोली. आत एक कंपाउंडर, समोर गोळ्यांचे डबे. त्याने शिक्का बघितला. अक्काकडे नाही, शिक्क्याकडे. दोन पाकिटं आणि एक बाटली पुढे सरकवली.

"डॉक्टर तपासणार नाहीत?" रेडिओने विचारलं.

"काय तपासायचं? धुळीचं आहे. ह्याला तोड नाही काका. त्रास कमी होईल. महिन्याने या."

आणि रेडिओला पटलं! दाजींचं बघितलं होतं ना. त्याला वाटलं, तिकडच्या माणसाला दुसरं काय होणार. अक्का उभ्या जन्मात कधी खडी मशीनवर गेली नव्हती, खिडक्या लावून घरात दप्तरं शिवत होती, हे जगात सगळ्यात जास्त त्यालाच माहीत होतं. पण नाही सुचलं. नाही सुचलं म्हणजे नाही सुचलं.

असे चार महिने. चार वेळा जिन्याखाली, चार वेळा दोन पाकिटं आणि बाटली. अक्काच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दप्तर शिवता शिवता ती मशीनवर डोकं टेकायची.

बायको एक दिवस कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, एक विचारू? दाजींना ताप यायचा का?"

"नाही. दम लागायचा."

"मग अक्कांना रोज संध्याकाळी कणकण कशी असते? अंगावरचा कपडा घामाने भिजतो. मी पिळते तो कपडा, मला माहीत आहे."

"कंपाउंडर म्हणाला धुळीचं आहे."

"कंपाउंडर!" बायकोने चिमटा असा लावला की दोरी हादरली. "त्याने हात तरी लावला का त्यांना? भाजीवाला काकडी घेतानासुद्धा दाबून बघू देतो."

त्याच्या सकाळच्या गाडीत दवाखान्यातली एक सिस्टर असायची. दुसऱ्या दिवशी त्याने तिला तिकीट देता देता विचारलं, "सिस्टर, नऊ नंबरात डॉक्टर कधी बसतात?"

सिस्टर हसली. "नऊ नंबरात कुठला आलाय डॉक्टर? खोकलपट्टीचे रोज शंभरभर येतात हो. सगळ्यांचे एक्स-रे काढायचे म्हटलं तर दुसऱ्या पेशंटनी काय करायचं? म्हणून तो शिक्का करून घेतलाय. शिक्का बसला की सरळ नऊ नंबर, ठरलेल्या गोळ्या. डॉक्टर महिन्यातून एकदा गठ्ठ्यावर सह्या करतात."

"आणि एखाद्याला धुळीचं नसलं तर?"

"तिकडच्यांना दुसरं काय असणार?" असं म्हणून तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. "का हो? तुमचं कोण आहे?"

"बहीण. माझ्याकडेच राहते. तुमच्या दवाखान्यामागे, दोन गल्ल्या सोडून."

"अहो, मग तिकडचं नाव कशाला सांगितलंत? तुमचा पत्ता सांगायचा! अर्ध्या तासात छातीच्या डॉक्टरांसमोर बसली असती ती."

त्या फेरीत रेडिओ बंद होता. कोर्ट आलं, गेलं. तुरुंग आला, गेला. तिघांचे स्टॉप हुकले आणि त्यांनी शिव्या दिल्या. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "सेल संपले का रे?" ह्याने नुसती घंटीची दोरी ओढली.

ड्यूटी संपल्यावर तो तसाच गणवेशात खिडकीवर गेला. म्हणाला, पत्ता चुकलाय, बदलून द्या. कारकून म्हणाला, पत्ता बदलायला राहत्या घराचा पुरावा आणा, पेशंटच्या नावाचा. अक्काच्या नावाचा पुरावा कुठला असणार? जो होता तो तिकडचाच. मग नवीन केसपेपर काढा. "नवीन? जुना आहे ना? एका माणसाचे दोन पेपर होत नाहीत." रेडिओने हात जोडले. मग आवाज चढवला. तो आवाज अख्ख्या दवाखान्याने ऐकला, पण कारकुनावर ढिम्म परिणाम नाही. उलट तो म्हणाला, "काका, तुम्हीच सांगितलं ना खोकलपट्टी? मी काय स्वप्नात बघून शिक्का मारला?"

 रेडिओने जुना पेपर घडी करून खिशात घातला.

घरी आला, दारात बूट न काढता बसला आणि सगळं बायकोला सांगितलं. अक्का आत झोपली होती. बायकोने ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून स्वतःची ओळखपत्रं काढली आणि त्याच्या मांडीवर टाकली.

"ही घ्या. माझ्या नावाने पेपर काढा."

"वेड लागलंय का? तुझं वय पन्नास, ती अठ्ठावन्नची—"

"आजारी बाई कुणाला पन्नासची दिसते? आणि फोटोत मी तरी कुठे माझ्यासारखी दिसते? जा उद्या सकाळी. आणि हे बघा, पत्ता विचारला तर तोंड सांभाळा."

सकाळी तोच कारकून, तीच खिडकी, मान तशीच खाली. "राहणार?" रेडिओने घराचा पत्ता सांगितला, घर नंबर, गल्ली, सगळं. एकेक शब्द चावून चावून. शिक्का उचललाच गेला नाही. वीस मिनिटांत अक्का छातीच्या डॉक्टरांसमोर होती. बाईच होत्या डॉक्टर, तरुण. नळी लावली, दोन ठिकाणी ऐकलं आणि भुवया जवळ आल्या. एक्स-रे. बेडका तपासायला. दुपारपर्यंत सगळं हातात.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "टीबी आहे. दोन्ही बाजूंना पसरलाय." मग रेडिओकडे बघून, अगदी मनापासून चिडून, "इतके दिवस काय करत होतात तुम्ही? दोन गल्ल्यांवर राहता ना? चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर गोळ्यांनी ठणठणीत झाल्या असत्या. आपल्या बायकोकडे कुणी इतकं दुर्लक्ष करतं?"

रेडिओने मान खाली घातली. नवऱ्याला द्यायच्या शिव्या भावाने खाल्ल्या. आणि त्याला वाटलं, अजून द्या. अजून चार द्या.

अक्काला त्याच दिवशी भरती केलं. वॉर्डात खाटेच्या पायाला पाटी, पाटीवर बायकोचं नाव. सिस्टर त्या नावाने हाक मारायच्या आणि अक्का ओ द्यायचीच नाही. बायको डबा घेऊन यायची, उशाशी बसायची आणि कानात म्हणायची, "अक्का, माझं नाव घेतलं की ओ द्या. चोवीस वर्षं मला हाका मारून राबवलंत ना, आता तुमची पाळी."

अक्का हसायचा प्रयत्न करायची. "नावात सुद्धा... तुझ्या दम नाही गं. हाक मारली तर... पटकन कळत नाही."

तोंडावर ऑक्सिजनची नळी होती तरी एकमेकींना टोमणे चालू. तेवढ्यावरून रेडिओला वाटायला लागलं, वाचेल. पहिल्या आठवड्यात ताप खरोखर उतरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, बघू. एवढा एक 'बघू' घेऊन तो चार दिवस पिसासारखा हलका फिरला.

पाचव्या दिवशी अक्काने रक्त टाकलं. भांडंभर.

त्या दुपारी बायको घरी गेली होती, आणि तो एकटा खाटेजवळ होता. अक्काचे डोळे मिटलेले. तिचा हात हातात घेतला तर पिशवीत सुया ठेवाव्यात तशी हाडं लागली. त्याला राहवेना.

"अक्का, ते नाव मी ठेवलं गं. तुला त्या खोलीत मी पाठवलं. खिडकीवर तोंडातून तेच गेलं माझ्या."

तिने डोळे उघडले. एकेक करून श्वास गोळा केला.

"ठाऊक आहे मला. मी... गाडीत होते ना."

"मला मार एक. लहानपणी मारायचीस तशी."

"कशाला? मी हसले होते, बारक्या. सगळ्यात... मोठ्याने मीच." मग थोडं थांबून, "तुझे दाजी घरी येऊन रागावले होते. म्हणाले, तुझा भाऊ आमच्यावर... लोकांना हसवतो. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला गंमत कळत नाही. महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी."

हे त्याला कधीच माहीत नव्हतं. दाजी गाडीत चढायचे, तिकीट घ्यायचे, मान हलवायचे. एवढी वर्षं. एका शब्दाने बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास अक्का गेली. खोकली नाही, काही नाही. नळीतून हवा येत होती तशी येत राहिली आणि घेणारं कुणी उरलं नाही. सिस्टर आली, तिने खाटेची पाटी बघितली आणि वॉर्डाच्या दारात उभं राहून मोठ्याने बायकोचं नाव घेतलं, "ह्यांचे नातेवाईक कोण?"

बायको तिथेच उभी होती, हातात डबा. स्वतःचं नाव मेलेलं ऐकलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. ज्या बाईशी आयुष्यभर भांडली तिच्यासाठी असं रडली की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता मृत्यूचा दाखला. रेडिओ म्हणाला, खरं सांगावं लागेल. बायकोने डोळे पुसले. "राहू द्या माझं नाव. कागदावर मेले तर काय झिजते का मी? खऱ्या नावाने लिहिलं तर परत तो शिक्का मारतील हो त्यांच्यावर."

"तू उद्या साधं औषध घ्यायला गेलीस तरी म्हणतील तू मेलीस."

"मग तुम्ही सांगा, भूत आलंय म्हणून." आणि परत रडायला लागली.

तो गेला खिडकीवर. खरं काय ते सांगितलं, ह्या नावाने भरती केली ती माझी बहीण होती, हा तिचा जुना पेपर. तो समजत होता, पोलीस येतील, आपल्याला धरतील. काही झालं नाही. कारकुनाने कपाळावर आठ्या घातल्या, वरच्या साहेबांना विचारून आला, दोन फॉर्मवर सह्या घेतल्या. मग अक्काचा जुना केसपेपर नवीन कागदांवर ठेवला, टाचणी मारली आणि हात आपला सवयीने शिक्क्याकडे गेला. ठाप्प. ठाप्प. ठाप्प. तिन्ही कागदांवर.

"आता कशाला?" रेडिओचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. "आता तर गेली ती."

"तिकडच्यांच्या फायलींचं कपाट वेगळं आहे काका. शिक्का नसला तर हरवते."

अक्काला तिच्या वाडीवरच न्यायचं ठरलं, दाजींना नेलं होतं तिथेच. सगळं उरकल्यावर माणसं तिच्या बंद घरासमोरच्या अंगणात बसली. साठ-सत्तर जण असतील. खडी मशीनवरचे म्हातारे, त्यांची माणसं, अक्काकडून दप्तरं शिवून घेणाऱ्या बायका. मागे मशिनांचा खडखडाट चालूच होता.  कुणीतरी म्हणालं, "चांगली बाई होती. पण खोकलपट्टीत राहून कोण वाचलंय?"

आणि रेडिओ उठून उभा राहिला.

बायकोने हात धरला, "अहो, बसा." पण तो उभाच. म्हणाला, "ते नाव मी ठेवलंय."

सगळ्यांनी वर बघितलं.

"खोकलपट्टी. मी. चोवीस वर्षांपूर्वी, गाडीत. गंमत म्हणून. तुम्हाला खोल्या मिळाल्या नाहीत, पोरांना गेटवरून हाकललं, ते माझ्यामुळे. त्या दवाखान्यात तुमच्यावर शिक्का बसतो तो माझ्यामुळे. नऊ नंबरात डॉक्टर नाही. तुम्हाला बघतच नाहीत ते, नुसता शिक्का बघतात. अक्काला टीबी होता. बरी झाली असती. मी मारली तिला. मला काय बोलायचं ते बोला, काय करायचं ते करा."

त्याला वाटलं, आता कुणीतरी उठेल. दगड तर पायाखालीच पडले होते, हवे तेवढे.

एक म्हातारा, दाजींच्याच पट्ट्यावरचा, खोकत खोकत म्हणाला, "चोवीस? छे! माझा बाप म्हणायचा खोकलपट्टी. मी एवढासा होतो."

"अरे नाही," दुसरा म्हणाला, "पहिलं मशीन ज्या साहेबाने टाकलं ना, त्याला खोकला लागला आणि तो पळून गेला, त्यावरून पडलंय."

"काहीतरीच. वरच्या वाडीवाले खालच्यांना चिडवायला म्हणायचे. मग सगळ्यांना लागलं."

"वरचे नाही, खालचे म्हणायचे!"

"तुमचंच काम ते!"

रेडिओ एकाच्या तोंडाकडे बघायचा, मग दुसऱ्याच्या. "अहो, मी सांगतोय ना! पुलावरून गाडी उतरली आणि मी ओरडलो. तुम्ही होता त्या गाडीत, काका, तुम्हाला ठसका लागला होता, मी तुमच्या पाठीत मारलं!"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे फार मायेने बघितलं. "लागला असेल बाबा. ठसका मला रोजच लागतो."

"नऊ नंबरचं तरी ऐका! उद्यापासून तिथे जाऊ नका. डॉक्टर मागा. एक्स-रे मागा."

"आणि मागून काय होणार?" अक्काच्या शेजारची बाई शांतपणे म्हणाली. "धूळ आहे, धुळीचंच असणार. देतायत त्या गोळ्या तर मिळतात फुकट. तेवढ्याही बंद करायला लावू नका."

दोन-तीन माना डोलल्या. कुणीतरी पुटपुटलं, सख्खी बहीण होती, डोक्यावर परिणाम झालाय, बोलू द्या. अंगणाच्या त्या कोपऱ्यात वरचे आणि खालचे अजून वाद घालत होते, कुणाच्या आज्याने आधी म्हटलं यावर.

अक्का असती तर तिने सांगितलं असतं. ती एकटीच सांगू शकली असती.

 शेजारची बाई उठली, पेलाभर पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "घ्या भाऊ, बसा आधी." आणायला दहा पावलं लागली असतील, तेवढ्यात पाण्यावर धुळीची पातळ साय धरली होती. तिने सवयीने ती बोटाने बाजूला केली आणि पेला त्याच्या हातात दिला. बायको त्याच्याकडे बघत होती. तो खाली बसला आणि पाणी प्यायला.